मधला माणूस

घर पाहावे बांधून, असे आपले जुने लोक सांगून गेले. घर पाहावे विकून, असे मात्र कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. त्या काळी घर विकणे ही सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. घर विकले म्हणजे घराणे बुडाले, असेच लोक धरून चालत. आता तसे राहिलेले नाही. आईबाप एका गावी, मुले दुसऱ्या गावी, नोकऱ्या तिसऱ्याच गावी. तेव्हा घर विकण्याची पाळी कधी ना कधी बहुतेकांवर येतेच. माझ्यावर ती दोनदा आली. एकदा मी घर दलालामार्फत विकले आणि एकदा स्वतः विकले. या दोहोंत शहाणपणाचे कोणते, असे मला पुष्कळजण विचारतात. विचारणाऱ्यांच्या मनात दलालीच्या रकमेचा हिशेब असतो. मी त्यांना रक्कम सांगतो आणि गप्प बसतो, कारण खरे सांगायचे आहे ते एक चहा संपेपर्यंत सांगून होणारे नाही. दिवाळीच्या निमित्ताने तुम्हांला सवड आहे आणि मलाही आहे.

पहिले घर सांगलीचे. गावभागात, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर. खाली तीन खोल्या, वर माडी, मागे परस आणि परसात एक आड. सांगलीतली माणसे पावसाळ्यात एकमेकांची प्रकृती विचारण्याआधी आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी विचारतात. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाढ्यासारखे पाठ असते. २००५ च्या पुरात पाणी ५० फुटांच्याही वर गेले आणि आमच्या मधल्या खोलीत कमरेच्या वर चढले. पाणी ओसरले, गाळ उपसून झाला, भिंती वाळल्या. मग अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तांबड्या तैलरंगाचा एक डबा आणला आणि मधल्या खोलीच्या भिंतीवर पाण्याची जी कड उमटली होती तिच्यावरून एक आडवी रेघ ओढली. रेघेखाली आपल्या वळणदार अक्षरात तारीख घातली.

आई म्हणाली, "हे काय नको ते भिंतीवर?"

अण्णा म्हणाले, "पुढच्या माणसाला कळायला नको?"

पुढचा माणूस म्हणजे कोण, हे मी तेव्हा विचारले नाही. आम्ही भावंडे, असेच मी समजलो.

२०१५ मध्ये अण्णा गेले. आई आधीच गेली होती. मी पुण्यात, धाकटा भाऊ बंगळूरला, बहीण रत्नागिरीला. दोन वर्षे घराला कुलूप राहिले. कुलूपबंद घराची काय दशा होते हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगायला नको. २०१७ च्या आरंभी आम्ही तिघांनी ते विकायचे ठरवले आणि एका एजंटाला गाठले. 'दलाल' हा शब्द आता कोणी तोंडावर वापरत नाही.

माणूस चाळिशीचा, बोलायला गोड आणि कामाला चोख. वारसांची नोंद, मिळकतपत्रिका, घरपट्टीची थकबाकी, सगळे त्याने तीन आठवड्यांत निस्तरले. मला त्यात सहा महिने सहज गेले असते आणि वर अपमान पदरी पडला असता. त्या कामाची दलाली त्याला द्यायला मला आजही वाईट वाटत नाही. पहिल्याच दिवशी तो मधल्या खोलीत त्या तांबड्या रेघेसमोर उभा राहिला.

"साहेब, सगळ्या घराला एक हात रंगाचा देऊन घेऊ. महाग नको, साधा डिस्टेंपर. घर जरा हसरं दिसायला पायजे. आणि चैत्र-वैशाखात दाखवू. नदी तेव्हा शहाण्यासारखी असते."

मला हसू आले. भावाला फोन केला, तो म्हणाला, "बरोबर आहे त्याचं, दादा." मी एजंटाला म्हणालो, "तुम्ही बघा काय ते."

रेघ पुसली कोणी? रंगाऱ्याने. त्याला सांगितले कोणी? एजंटाने. आणि एजंटाला? कोणीच नाही, मी फक्त 'तुम्ही बघा काय ते' म्हणालो. या चार शब्दांइतके सोयीचे शब्द आपल्या भाषेत दुसरे नसतील. घरातल्या कर्त्या पुरुषापासून कचेरीतल्या साहेबापर्यंत सर्वांनी ते वापरून गुळगुळीत केले आहेत.

वैशाखात गिऱ्हाईक आले. जत तालुक्यातले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आणि त्यांची पत्नी. टँकरची वाट पाहण्यात उन्हाळ्यामागून उन्हाळे घालवलेली माणसे. मुलाची नोकरी सांगलीत, नातवंडांची शाळा सांगलीत, म्हणून आयुष्यभराची पुंजी घेऊन ती आली होती. बाई खोल्या पाहायच्या आधी थेट परसात गेल्या आणि आडात वाकून पाहत राहिल्या. "पाणी हाय की हो!" एवढेच त्या म्हणाल्या, पण ज्या आवाजात म्हणाल्या, त्या आवाजात मी आजवर कोणाला देवळातही बोलताना ऐकलेले नाही.

मग आम्ही मधल्या खोलीत बसलो. गुरुजींनी विचारले, "नदीचं पाणी हितवर येतंय का?"

त्यांनी ते माझ्याकडे पाहून विचारले.

उत्तर एजंटाने दिले. "गुरुजी, २००५ ला अख्ख्या सांगलीत आलं होतं. ते काय दरसाल येतंय होय? आता कोयनेचं, अलमट्टीचं सगळं ठरवून चालतंय. आपल्या हितं अंगणात जरासं आलं होतं, एवढंच."

गुरुजींनी पुन्हा माझ्याकडे पाहिले. मी चहाचा कप उचलला.

घडले ते एवढेच. गुरुजींच्या पाठीमागे, दीड हातावर, ताज्या रंगाखाली ती रेघ होती. पुढच्या महिन्यात खरेदीखत झाले. दलाली शेकडा दोन, आमच्याकडून आणि गुरुजींकडूनही. दोन्ही बाजूंनी पैसे घेणारा माणूस नेमका कोणाचा, हा प्रश्न कोणाला पडत नाही; कारण तो व्यवहाराचा माणूस असतो, आणि व्यवहार पुरा झाला की त्याचे मालक बदलतात. त्या रात्री पुण्याला परतताना गाडीत मला छान झोप लागली. शेकडा दोनमध्ये मी काय विकत घेतले होते, ते दोन वर्षांनी कळले.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत पाणी ५७ फुटांवर गेले. दूरचित्रवाणीवर गावभागाचे गल्लीबोळ पाण्यात दिसत होते. छपरे ओळखू येत होती, दारे येत नव्हती. मी फोन केला. माझ्याकडे गुरुजींचा नंबर होता, तरी मी फोन केला तो एजंटाला.

"माणसं सुखरूप आहेत, साहेब," तो म्हणाला. "नावेतनं काढलं दोघांना. आमच्या घरीच आहेत, वरच्या खोलीत. घर मात्र गेलं पाण्यात, माडीच्या पायऱ्या चार-पाच तेवढ्या दिसत्यात." मग जरा थांबून, रागाने नव्हे, सहज बोलून गेला, "आमाला तोंड दाखवायला लागतंय इथं. तुमचं काय, तुम्ही पुण्यात."

त्या वाक्यापाशी मी पुष्कळ दिवस अडकून पडलो. माझ्या डोक्यात नाटकाची मांडणी ठरलेली होती: खोटे बोलणारा दलाल, भोळे गिऱ्हाईक आणि मधे संकोचाने गप्प बसलेला मी, एक सुशिक्षित मालक. पाणी चढले तेव्हा त्याच दलालाने त्या दोघांना बारा दिवस स्वतःच्या घरात ठेवले, जेवू घातले. खोटे त्याने सांगितले आणि त्याची भरपाईही जमेल तशी त्यानेच केली. मी फक्त पैसे घेतले होते.

पण खोटे त्याने सांगितले म्हणजे ते त्याचे होते का?

हा प्रश्न मला वाटला तेवढा नवा नाही. सिसेरो नावाच्या रोमन ग्रंथकाराने इ. स. पूर्व ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात त्याने नेमके घरविक्रीचे उदाहरण घेतले आहे. एक भला माणूस घर विकायला काढतो. घर रोगट आहे, निजायच्या खोल्यांतून साप निघतात, लाकूडकाम मोडकळीला आलेले आहे, आणि हे मालकावाचून कोणालाच ठाऊक नाही. त्याने ते सांगितले पाहिजे का? यावर डायोजेनिस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर या दोन तत्त्ववेत्त्यांचा वाद सिसेरोने मांडला आहे. (कंदील घेऊन फिरणारा डायोजेनिस तो हा नव्हे, हा बाबिलोनचा.) अँटिपेटरचे म्हणणे असे की, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणाऱ्याला अथेन्समध्ये जाहीर शिव्याशाप दिले जातात, इथे तर तुम्ही जाणूनबुजून त्याला चुकू देता. डायोजेनिस विचारतो, तुम्ही घर घ्याच असा कोणी आग्रह केला होता का? ज्याला नको होते त्याने विकायला काढले, ज्याला आवडले त्याने घेतले. आणि मालकाच्या हुकमाने दवंडीवाला 'रोगट घर विकणे आहे' असे ओरडत फिरला, तर त्यापरता मूर्खपणा कोणता?

सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो. स्वतः सिसेरोने काही वर्षांपूर्वी कर्ज काढून रोममध्ये एक फार महागडे घर विकत घेतले होते, तेव्हा तो खरेदी करणाराची बाजू घेणार हे ओघानेच आले, असे एखादा खवचट म्हणेल. मला मात्र डायोजेनिसच्या विनोदातला तो दवंडीवाला सोडीना. पाहा, त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या उदाहरणातसुद्धा मालक स्वतः ओरडत नाही. ओरडण्यासाठी त्याने माणूस ठेवलेला आहे.

माझ्या एका वकील मित्राला मी सारी हकीकत सांगितली. त्याने कपाटातून दोन पुस्तके काढली. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा, कलम ५५: मालमत्तेतला जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साध्या काळजीने पाहूनही त्याला कळण्यासारखा नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. मग १८७२ चा करार कायदा, कलम २३८: मालकाचे काम करताना एजंटाने जी खोटी माहिती दिली, ती मालकानेच दिली असे धरायचे. मी मान खाली घालून ऐकत होतो. तेव्हा त्याला माझी दया आली. "पण तुझ्यावर काही शाबीत व्हायचं नाही रे," तो म्हणाला. "पूर काय लपून राहतो? सगळ्या गावाला माहीत. तुझ्या गुरुजींनी चार शेजाऱ्यांना विचारायचं होतं. साधी काळजी म्हणतात ती हीच." मित्राने दार उघडून दिले होते. मला त्यातून बाहेर पडता आले नाही. गुरुजींनी शेजाऱ्यांना विचारले नाही, कारण त्यांनी मला विचारले होते.

'दलाल' हा शब्द आपल्याकडे अरबीतून, फारसीच्या वाटेने आला. मुळात त्याचा अर्थ वाट दाखवणारा. शब्दाला पुढे जी कळा आली तिला केवळ दलाल जबाबदार आहेत, असे मला आता वाटत नाही. गुरांच्या बाजारात पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. वरून पाहणाराला फक्त दोन हात आणि एक रुमाल दिसे. आपण दलाल ठेवतो तो त्या रुमालासारखा. खाली चाललेल्या गोष्टी आपल्याच बोटांच्या असतात. आता नव्या गृहप्रकल्पांतली घरे विकणाऱ्या एजंटांना २०१६ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात २०२३ पासून परीक्षाही द्यावी लागते. चांगलेच आहे. मालकांची परीक्षा मात्र कोणी घेत नाही.

लहानपणी अण्णा आम्हांला महाभारत सांगत. अश्वत्थामा हत्ती मेला, ती गोष्ट. धर्मराज खोटे बोलला आणि जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, एवढीच ती मला आठवत होती. सांगलीच्या त्या दुपारनंतर तिच्यातला दुसराच भाग पुढे आला. हत्ती मारला भीमाने. 'अश्वत्थामा मेला' म्हणून रणांगणभर ओरडला तोही भीम. द्रोणाचार्य काही अडाणी नव्हते. ओरडणाऱ्याच्या शब्दावर त्यांनी भरवसा ठेवला नाही. ते मालकाला विचारायला आले. धर्मराजाने निदान तोंड उघडले. पुटपुटत का होईना, हत्तीचे नावही घेतले. मी चहाचा कप उचलला.

तेव्हा २०२२ मध्ये कोथरूडची आमची सदनिका विकून मुलीच्या जवळ लहान जागेत जायचे ठरले, त्या वेळी मी सौभाग्यवतींना सांगितले, या खेपेला मधे कोणी नको. तिला वाटले मी दलाली वाचवतो आहे. मीही तसे वाटू दिले. त्या बाजूनेही बोलण्यासारखे आहेच म्हणा. लेविट आणि सिव्हर्सन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो भागातील सुमारे एक लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. एजंट स्वतःचे घर विकतात तेव्हा ते सरासरीने साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि शेकडा ३.७ जास्त किंमत मिळवतात, असे त्यांना आढळले. नवल नाही. आपल्या घराला लाखभर रुपये जास्त आले तर एजंटाच्या खिशात दोन हजार पडणार. तेवढ्यासाठी तो कशाला ताटकळत बसेल?

'मालकाकडून थेट, मध्यस्थ नको' अशी जाहिरात दिली. पहिले अकरा फोन मध्यस्थांचेच आले. मग माणसे येऊ लागली. स्वतःचे घर परक्याला दाखवणे म्हणजे काय, हे दाखवल्याशिवाय कळायचे नाही. एका बाईंनी आमचे कपाट उघडून पाहिले. "आत काय आहे ते पाहिलं असतं तरी समजले असते," सौ. संध्याकाळभर म्हणत होती, "तिनं मेलीनं नुसती खोली मोजली!" जिथे आमची मुलगी रांगली त्या खोलीला एक गृहस्थ 'डेड स्पेस' म्हणाले.

मी मात्र सत्य सांगण्याचा सपाटा लावला होता. न्हाणीघराची भिंत पाझरते, पाण्याचा दाब संध्याकाळी कमी असतो, खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांशी गाडी लावण्यावरून वाद आहे. माणूस चपला काढतो न काढतो तोच मी सुरुवात करी. परिणाम मोठा गमतीचा झाला. लोक घाबरले. एवढे आपणहून सांगतो म्हणजे याहून मोठे काही लपवतो आहे, असे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसे. एका म्हाताऱ्यांनी तर जवळ येऊन हळूच विचारले, "अजून काय आहे ते सांगून टाका ना!" मला राग आला. पण राग आला म्हणजे माझ्या खरेपणातही काही हिशेब असलाच पाहिजे. या माणसांना खरे सांगून मी सांगलीचे देणे फेडत होतो, आणि ज्याचे देणे होते त्याला त्यातली पैसुद्धा पोचत नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. एकटी राहणारी एक मुलगी घर पाहायला आली होती, चांगल्या पगाराची. मी तिला 'घरी कोण कोण असतं' इथपासून जे सुरू केले ते तिच्या येण्याजाण्याच्या वेळांपर्यंत गेलो. ती शांतपणे म्हणाली, "काका, मी घर विकत घेणार आहे, तुमच्याकडे राहायला येणार नाही." मधे एजंट असता तर तो मला पहिल्याच प्रश्नाला आवरता झाला असता, किंवा माझ्या वतीने तिला परस्पर वाटेला लावून, मी किती मोकळ्या मनाचा आहे हा माझा समज त्याने तसाच राखला असता. दोन्ही होऊ शकले असते. घर शेवटी एका तरुण जोडप्याला गेले, मनात होते त्याहून अडीच लाखांनी कमी. "दलाली परवडली असती," सौ. म्हणाली. ते खरेच होते.

२०२३ मध्ये आतेभावाच्या मुलाच्या लग्नाला सांगलीला गेलो. अक्षता पडल्यावर मांडवातून उठलो आणि गावभागात गेलो. या वेळी एजंटाला बरोबर घेतले नाही.

गुरुजींनी ओळखले. "या, साहेब," म्हणाले, आणि मधल्या खोलीत नेले. २०२१ चेही पाणी घरात येऊन गेले होते. भिंतींना नवा गिलावा होता, फक्त एक भिंत तशीच ठेवलेली होती. डिस्टेंपर पाण्याबरोबर केव्हाच निघून गेला होता. खालचा तैलरंग मात्र पाण्याला दबला नव्हता. अण्णांची तांबडी रेघ होती तिथे होती, तारखेसकट. तिच्या थोडी वर २०२१ ची रेघ आणि खूप वर, दाराच्या चौकटीशी, २०१९ ची. त्या दोन्ही रेघाही तांबड्या रंगातच ओढलेल्या होत्या आणि त्यांच्याखालच्या तारखा फळ्यावर लिहाव्यात तशा ठळक, सरळ अक्षरात होत्या.

गुरुजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. खालच्या रेघेकडे बोट करून म्हणाले, "हे अक्षर तुमच्या वडलांचं काय? चांगलं वळण हाय."

"हो. त्यांचंच."

"तारीख घातली त्यांनी, हे बरं केलं."

बाईंनी चहा आणून ठेवला होता. मी तो घेतला नाही.

"गुरुजी, २०१७ ला तुम्ही मला विचारलं होतं," मी म्हणालो.

"हो," गुरुजी म्हणाले, "तुमालाच विचारलं होतं."